मत त्यांचं, ओळख आपली

आमच्या नॉर्थ कॅरोलायनात दर चार वर्षांनी ऑक्टोबर महिन्यात दोन गोष्टींचा सडा पडतो. अंगणात मेपलच्या पानांचा आणि फोनवर निवडणुकीच्या मेसेजेसचा. पानं निदान झाडून गोळा करता येतात, मेसेज मात्र एक पुसला की दोन येतात. "तुमची मदत हवी आहे", "आज रात्री बारापर्यंतच मुदत", "तुम्ही अजून उत्तर दिलं नाहीत..." घरचं माणूस रुसावं तशा सुरात कुठल्यातरी अनोळखी नंबरावरून कोणीतरी बोलत राहतं.

हे मी लिहायला घेतलं तेव्हा, २०२४ साली, ५ नोव्हेंबरचं मतदान अगदी तोंडावर आलेलं होतं. तिकडे महाराष्ट्रातही विधानसभेचे पडघम वाजत होते. कोणाला मत द्यावं हे मी सांगणार नाही, ती जोखीम संपादकही घेणार नाहीत! पण हे मेसेज, हे ग्रुप, या पोस्टी आपल्यापर्यंत का आणि कशा येतात, त्यांना आपल्याकडून नेमकं काय हवं असतं, हे समजून घ्यावं असं मात्र फार वाटलं.

गंमत अशी, की माझ्याकडे येणारे बहुतेक मेसेज मुळात माझ्यासाठी नसतातच. माझा फोन नंबर माझ्याआधी ज्या बाईंचा होता, त्यांना दोन्ही पक्ष अजून विसरलेले नाहीत. बाई न चुकता मतदान करणाऱ्या असाव्यात, इतकी त्यांची मनधरणी चालते! मी स्वतः एच-४ व्हिसावर. इथे मला मत नाही. तिकडचा पासपोर्ट आहे, पण मतदानासाठी विमानाचं तिकीट काढून जाणं आजवर जमलेलं नाही. म्हणजे जगातल्या दोन मोठ्या लोकशाह्यांमध्ये मी प्रेक्षक. पुण्यात असताना मी शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत असे. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेलं ते नागरिकशास्त्र मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची. राज्यशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसाला याचं वाईट वाटतं. ती हौस इथे फिटली. मुलगी शाळेत गेली की उरणाऱ्या वेळात गेले काही महिने मी हाच विषय वाचत बसले.

यादी

पहिला प्रश्न अर्थातच हा, की यांना आपलं नावगाव कळतं कुठून? उत्तर साधं आहे, मतदारयादीतून. आपण कोणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण आपण मत दिलं की नाही, ही इथे सरकारी नोंद असते. नॉर्थ कॅरोलायनाची यादी तर राज्याच्या निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावरून कोणालाही फुकट उतरवून घेता येते. नाव, पत्ता, वय, कोणत्या पक्षाचे मतदार म्हणून नोंद आहे आणि आजवर कोणकोणत्या निवडणुकांत मतदान केलं, सगळं त्यात सापडतं. पक्ष ही यादी घेतात, तिला बाजारातून विकत घेतलेली इतर माहिती जोडतात आणि प्रत्येक नावाला गुण देतात. हा आपला असण्याची शक्यता किती? हा मतदानाला बाहेर पडण्याची शक्यता किती? जो नक्की आपला आणि नक्की मत देणारा, त्याच्यामागे फार धावायचं नाही. जो नक्की दुसऱ्याचा, त्याच्याही वाटेला जायचं नाही. सगळा खर्च मधल्या लोकांवर.

हे ऐकायला फार आधुनिक वाटतं. पण लहानपणी मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकापासून थोड्या अंतरावर टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते आठवतात का? यादीवर पट्टी धरून नाव शोधायचे, अनुक्रमांकाची चिठ्ठी हातात द्यायचे आणि मत देऊन गेलेल्यांच्या नावावर खूण करायचे. दुपारी तीनच्या सुमारास ज्यांच्या नावापुढे खूण नसेल त्यांच्या दारात रिक्षा उभी राहायची. "आजी, चला, गाडी आणली आहे." इथली कोट्यवधी डॉलरची सॉफ्टवेअर्स मुळात याच टेबलाचं काम करतात.

दार

दुसरा प्रश्न असा, की मतदार हलतो कशानं? याचं मोजून-मापून उत्तर काढणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९९८ साली कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात झाला. येल विद्यापीठाचे अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे ३० हजार मतदारांचे गट पाडले. काहींना पत्रं पाठवली, काहींना भाडोत्री कंपनीकडून फोन केले, काहींच्या दारात जाऊन माणसांनी "मतदानाला या" असं सांगितलं. पत्रांनी थोडासा फरक पडला. फोननं काहीच नाही. दारात ज्यांच्याशी बोलणं झालं, त्यांच्यात मात्र मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं.

मग प्रचार करणाऱ्यांपुढे कोडं पडलं. हजारो मैल पसरलेल्या या देशात एवढी दारं वाजवणार कोण? इंटरनेट इथे कामाला आलं. त्याचा खरा उपयोग दार वाजवणारी माणसं गोळा करण्यासाठी झाला.

सुरुवात केली व्हरमॉन्टचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांनी. २००३ साली त्यांच्या मोहिमेनं 'मीटअप' नावाच्या संकेतस्थळाचा आधार घेतला. समान आवडीच्या लोकांनी गावातल्या गावात भेटावं म्हणून ते काढलेलं होतं. डीनचे समर्थक कॉफीच्या दुकानांतून भेटू लागले, आपापल्या ऐपतीप्रमाणे पाच-पंचवीस डॉलर पाठवू लागले, आणि फारसं कोणाला माहीत नसलेला उमेदवार बघताबघता आघाडीवर आला. जानेवारी २००४ मध्ये आयोवात पहिली लढत झाली. देशभरातून साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक केशरी टोप्या घालून तिथे उतरले, दारोदार फिरले. डीन तिसऱ्या क्रमांकावर गेले! कारणं अनेक होती, पण एक पुढे अनेकांनी बोलून दाखवलं, की केशरी टोपीवाले बाहेरगावचे होते. आयोवातल्या शेतकऱ्याच्या दारात कोणी अनोळखी पोरगा येऊन राजकारण सांगू लागला तर तो ऐकून घेईल, पण मत द्यायला जाताना आपल्या शेजाऱ्याबरोबर जाईल.

शेजारी

हा धडा बराक ओबामांच्या लोकांनी नीट गिरवला. १० फेब्रुवारी २००७ रोजी ओबामांनी उमेदवारी जाहीर केली, त्याच सुमारास त्यांचं 'माय बराक ओबामा डॉट कॉम' हे संकेतस्थळ सुरू झालं. ते बांधणाऱ्या कंपनीत डीनच्या मोहिमेत तयार झालेली माणसं होती, आणि फेसबुकच्या संस्थापकांपैकी एक, तेव्हा जेमतेम तेविशीचा ख्रिस ह्यूज, हे काम बघायला आला होता. तिथे आपलं पान उघडायचं, आपल्या गावचा गट करायचा, आपल्या घरी चहा-कॉफीला शेजाऱ्यांना बोलवायचं, फोन करायच्या नावांची यादी तिथूनच उतरवून घ्यायची. मोहीम संपल्यावर जे आकडे प्रसिद्ध झाले ते असे: २० लाख लोकांनी आपली पानं उघडली, ३५ हजार गट झाले आणि सुमारे २ लाख कार्यक्रम पडद्याबाहेर, प्रत्यक्ष घराघरांत आणि सभागृहांत झाले. ऑनलाइन जमलेली रक्कम ५० कोटी डॉलर. ऑनलाइन आलेल्या ६५ लाख देणग्यांपैकी ६० लाख १०० डॉलर किंवा त्याहून कमी रकमेच्या होत्या.

ऑगस्ट २००८ मध्ये उपाध्यक्षपदासाठी जो बायडन यांचं नाव फोनवर मेसेज पाठवून जाहीर करायचं ठरलं. "सगळ्यात आधी तुम्हाला कळेल, फक्त नंबर नोंदवा." मेसेज आला तो पहाटे तीनच्या सुमारास. बातमी तोवर वाहिन्यांवर फुटली होती, पण लाखो लोकांचे फोन नंबर मोहिमेकडे जमा झाले होते, आणि तोच तर उद्देश होता. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आयफोनसाठी एक अ‍ॅप काढलं. ते तुमच्याच फोनमधली नावं, चुरशीच्या राज्यांत राहणारे मित्र आधी, अशी लावून द्यायचं आणि म्हणायचं, यांना फोन करा. त्या वर्षी आमचं हे राज्य ओबामांनी १४,१७७ मतांनी जिंकलं. चाळीस लाखांहून जास्त मतं पडलेली असताना! अशा ठिकाणी एकेका ओळखीला काय किंमत येत असेल, बघा.

आपुलकीची परीक्षा

शिक्षकी पेशातल्या माणसाला सगळ्यात रंजक वाटेल तो भाग मात्र पुढेच आहे. या मोहिमा सतत परीक्षा घेतात, आपली! डिसेंबर २००७ मध्ये ओबामांच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानाचे चोवीस नमुने करून ते वेगवेगळ्या लोकांना दाखवले गेले. चित्र वेगळं, बटणावरचे शब्द वेगळे. व्हिडिओ सगळ्या फोटोंच्या मागे पडले. पहिला आला तो बायको-मुलींसोबतचा कौटुंबिक फोटो, आणि त्याखाली "अधिक जाणून घ्या" असं लिहिलेलं बटण. आधीच्या पानावर शंभरातले आठ लोक नाव नोंदवत, या पानावर साडेअकरा.

२०१२ च्या जूनमध्ये देणगी मागणाऱ्या एका ईमेलचे अठरा नमुने थोड्या थोड्या लोकांवर वापरून पाहिले. "माझ्यापेक्षा समोरच्याचा खर्च जास्त होणार आहे" अशा अर्थाचं शीर्षक असलेला मेल पहिला आला. तो सगळ्यांना पाठवल्यावर २६ लाख डॉलरहून जास्त जमले. सगळ्यात मागे पडलेला नमुना पाठवला असता तर ४ लाखांच्या आसपास आले असते, असा त्यांचाच हिशोब होता. म्हणजे रात्री अकरा वाजता येणारा, आपल्याला पहिल्या नावानं हाक मारणारा, अगदी मनापासून लिहिलेला वाटणारा मेल अठरा जणांच्या शर्यतीत पहिला आलेला असतो.

दुसरी बाजूही मागे नव्हती. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या मोहिमेची डिजिटल बाजू सांभाळणारे ब्रॅड पार्स्केल यांनी नंतर दूरचित्रवाणीवर सांगितलं, की फेसबुकवर ते दिवसाला सरासरी पन्नास-साठ हजार वेगवेगळ्या जाहिराती चालवत. कुठे शब्द बदलायचा, कुठे रंग, कुठे फोटो. ज्याला जो रुचेल तो.

चेहरे

हे सगळं झालं तरी पडदा तो पडदाच. त्याच्यावरची कुठली गोष्ट माणसाला खुर्चीतून उठवते? २ नोव्हेंबर २०१० रोजी, मध्यावधी निवडणुकीच्या दिवशी, फेसबुकनं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर एक प्रचंड प्रयोग केला. सुमारे ६ कोटी १० लाख लोक त्यात होते. बहुतेकांना "आज मतदानाचा दिवस" ही सूचना आणि त्याबरोबर "मी मत दिलं" असं बटण दाबलेल्या मित्रांचे चेहरे दिसले. काहींना नुसती सूचना दिसली. काहींना काहीच नाही. २०१२ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. नुसती सूचना वाचलेल्यांवर तिचा परिणाम झाला नाही. चेहरे पाहिलेले लोक आणि त्यांचे जवळचे मित्र मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जास्त मतं पडली असावीत, असा अंदाज निघाला. फेसबुकवर शेकडो 'मित्र' असतात, पण परिणाम झाला तो खऱ्याखुऱ्या जवळच्या मित्रांचा.

न्यू हेवनचं दार आणि फेसबुकचा चेहरा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि मला या विषयाची किल्ली मिळाली. माणूस ओळखीच्या माणसाचं ऐकतो. त्यामुळे प्रचाराच्या या सगळ्या साधनांना आपल्याकडून मत किंवा पैसे याच्याही आधी हवी असते ती आपली ओळख. आपल्या फोनमधली नावं, आपला चेहरा, आपला शब्द.

ती मागून घेता येते, तशी चोरूनही घेता येते. २०१२ मध्ये ओबामांच्या मोहिमेनं फेसबुकवर आपल्या समर्थकांची परवानगी घेऊन त्यांच्या मित्रांची यादी पाहिली आणि "या या मित्राला हे पाठवा" असं त्यांना सुचवलं. सहा लाखांवर समर्थकांनी ते ऐकलं आणि पन्नास लाखांवर लोकांपर्यंत निरोप गेले. समर्थकानं 'हो' म्हटलं होतं, पण त्याच्या मित्रांना कोणी विचारलं होतं? तेव्हा या हुशारीचं कौतुकच जास्त झालं. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा त्याच दाराची दुसरी बाजू दिसली. सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी फेसबुकवर एक स्वभावचाचणी सोडवली होती. त्यांच्या मित्रांसकट ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती त्या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. त्या माहितीनं किती मतं फिरली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण २०१९ साली फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला, आणि "तुमचा स्वभाव कोणत्या फुलासारखा?" असली कोडी मी तेव्हापासून उघडतसुद्धा नाही.

२०२४ मध्येही तोच धागा दिसला. जानेवारीत आयोवात ट्रम्प यांच्या मोहिमेनं आपल्या गटप्रमुखांना प्रत्येकी दहा नवी माणसं आणायला सांगितलं. आपल्याकडच्या भाजपच्या 'पन्नाप्रमुखा'ची आठवण यावी, मतदारयादीचं एक पान, एक माणूस. २१ जुलैला बायडन यांनी माघार घेतली, त्याच रात्री कमला हॅरिस यांच्यासाठी कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटानं झूमवर बैठक घेतली आणि चाळीस हजारांहून जास्त जणी आल्या. पुढच्या काही दिवसांत आपल्या दक्षिण आशियाई बायकांचीही अशी बैठक झाली. पक्ष वेगळे, पण रीत एकच. "माझ्यासारखी" दिसणारी, बोलणारी व्यक्ती मला सांगते आहे.

आमच्या मंडळातल्या एका ताईंचा कॉलेजात जाणारा मुलगा २०२४ मध्ये पहिल्यांदा मत देणार होता. सप्टेंबरपासून तो शनिवार-रविवार एका उमेदवारासाठी काम करत होता. मी विचारलं, "काय करतोस रे नक्की?" तर म्हणाला, "मावशी, एका तासात पाचशे टेक्स्ट पाठवतो. प्रत्येकाला सेंडचं बटण आम्हीच दाबायचं असतं. पाच-सहा जण उत्तर देतात, त्यातले चार शिव्या देतात. पण दारं वाजवायला गेलो ना, की एका दुपारी चौदा-पंधरा जण नीट बोलतात. एका आजींनी तर मला कुकीज दिल्या." माझ्या फोनमधल्या त्या रुसलेल्या मेसेजेसच्या मागे असाही एखादा पोरगा असू शकतो, हे तेव्हापासून लक्षात ठेवते आणि नुसतं 'स्टॉप' लिहून पाठवते. व्यावसायिक जाहिरातींना रोखणाऱ्या 'डू नॉट कॉल' नोंदणीतून राजकीय प्रचाराला सूट आहे, त्यामुळे हाच एक उपाय उरतो.

आपण कुठे बसतो?

आता आपल्या घरात येऊ. आपल्यात तीन प्रकारची मंडळी आहेत, आणि हे मेसेज त्यांच्यात फरक करत नाहीत.

जे इथले नागरिक झाले त्यांना मत आहे. ग्रीन कार्डवाल्यांना देशाच्या निवडणुकीत मत नाही, पण ते देणगी देऊ शकतात. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला मतही नाही आणि उमेदवाराला एक डॉलर देण्याचीही परवानगी नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मात्र काम करता येतं. हे मुद्दाम लिहिते, कारण "तुमची नोंदणी झालेली नाही, इथे दाबा" असे मेसेज आपल्यालाही येतात, आणि ड्रायव्हिंग लायसन्स काढायला गेल्यावर "मतदार म्हणून नोंदवायचं का?" असंही विचारतात. नागरिक नसताना "मी नागरिक आहे" या चौकोनात खूण करणं हा गंभीर गुन्हा धरला जातो. त्यापायी ग्रीन कार्ड अडू शकतं, देश सोडावा लागू शकतो. घरात भारतातून राहायला आलेले आई-बाबा असतील तर त्यांनाही हे सांगून ठेवा. त्यांना प्रत्येक फॉर्म भरण्यातच सभ्यता वाटते.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांना २०११ पासून तिकडच्या मतदारयादीत अनिवासी म्हणून नाव नोंदवता येतं, फॉर्म ६अ भरून. पण मत द्यायला पासपोर्टवरच्या पत्त्याच्या केंद्रावर मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः जावं लागतं. २०१९ मध्ये जगभरातून सुमारे १ लाख नावं नोंदली गेली होती, मत द्यायला पोचले ते पंचवीस हजारांच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक सगळे केरळचे. त्याच वर्षी "अनिवासी भारतीयांना आता ऑनलाइन मत देता येणार" असा मेसेज आपल्या सगळ्या ग्रुपांवरून फिरला होता. निवडणूक आयोगाला तो खोटा असल्याचं जाहीर करून दिल्ली पोलिसांकडे तक्रार करावी लागली.

म्हणजे तिकडे आपलं मत जवळपास नसल्यात जमा. पण वजन? ते आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त आहे.

माझी आत्या पुण्यात असते. २०२२ च्या सुमारास ती सदाशिव पेठेतून कोथरूडला राहायला गेली. २०२४ च्या लोकसभेआधी तिच्या फोनवर मेसेज आला: यादीत नाव नसलं तरी काळजी नको, आधार कार्ड दाखवा आणि 'चॅलेंज व्होट' मागा, ते द्यावंच लागतं. तिनं यादी बघितलीच नाही. १३ मेच्या उन्हात पंचाहत्तर वर्षांची ही बाई मतदान केंद्रावर गेली, रांगेत उभी राहिली आणि परत पाठवली गेली. जुन्या यादीतून नाव गेलं होतं, नव्या यादीत आलं नव्हतं. नियम असा, की यादीत नाव नसेल तर मत नाही. 'चॅलेंज' म्हणजे उमेदवाराच्या प्रतिनिधीनं दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर घेतलेली हरकत. मतदारानं मागून घ्यायची ती गोष्टच नव्हे.

फोनवर आत्या रडवेली झाली होती. १९७१ पासून तिनं एकही निवडणूक चुकवली नव्हती म्हणे. मी विचारलं, "अगं, पण तू त्या मेसेजवर विश्वास कसा ठेवलास?" ती म्हणाली, "दुबईहून आपल्या विन्यानं पाठवला होता ना. एवढा शिकलेला मुलगा, तो काय खोटं पाठवेल?"

विन्या काही कुठल्या पक्षाचा माणूस नाही. त्यालाही तो कोणीतरी विश्वासातल्यानंच पाठवला असणार. पण पुण्यातल्या त्या सोसायटीत कोणी कार्यकर्ता दारात येऊन हेच सांगता, तर आत्यानं त्याची उलटतपासणी घेतली असती. विन्याची घेतली नाही. परदेशातला भाचा, अमेरिकेतली ताई, लंडनचा जावई, यांच्या नावानं गेलेली ओळ तिकडे वाचली जात नाही, थेट मानली जाते. अफवांमुळे माणसं मारली गेली तेव्हा, २०१८ मध्ये, व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायची मर्यादा घातली, पुढे ती जगभर आणली. पाच ठिकाणी म्हटलं तरी आपल्या एकेका कौटुंबिक ग्रुपात चाळीस माणसं असतात!

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे. तरीही ते येतंच, कधी आरोग्याच्या टीपमध्ये, कधी सणाच्या शुभेच्छांमध्ये, कधी "सत्य घटना" म्हणून. बंदीपेक्षा सवय बरी, असं मला वाटतं. वर्गात मुलांना उतारा दिला की मी चार प्रश्न विचारायला लावत असे. हे कोणी लिहिलं? कधी लिहिलं? त्याला माझ्याकडून काय हवं आहे? दुसरीकडे कुठे हेच सापडतं का? पुढे पाठवायच्या मेसेजला हेच प्रश्न चालतात. त्यात मी पाचवा घातला आहे: हे माझ्या नावाशिवाय गेलं असतं, तर आत्यानं मानलं असतं का? याचं उत्तर 'नाही' असेल, तर त्या मेसेजचा सगळा भार माझ्या नावावर आहे, आणि तो उचलायचा की नाही हे मलाच ठरवायला हवं.

साधनं वाईट नाहीत. याच साधनांनी मंडळातल्या त्या मुलाला अनोळखी दारापर्यंत नेलं, पाच डॉलर देणाऱ्याला निवडणुकीत जागा दिली. पटेल त्याच्यासाठी बोलावं, काम करावं, जमेल तिथे मत द्यावं. आमच्या घरात काही वर्षांनी एक नवी मतदार तयार होईल. जन्मानं ती इथली नागरिक आहे, तेव्हा आई प्रेक्षक असली तरी ती नसणार. तिला कोणता पक्ष चांगला हे मी सांगणार नाही. मेसेज कसा वाचायचा हे मात्र आतापासूनच शिकवते आहे.

आणि आत्याचं म्हणाल, तर तिचं नाव यादीत घालायचा फॉर्म ऑगस्टमध्येच भरून झाला. व्हिडिओ कॉलवर मी सांगत होते आणि ती भरत होती. नवीन यादीत नाव आल्याचा फोटो तिनं मला पाठवला, विन्यालाही पाठवला. त्या वेळी केंद्रावर नातू सोबत जाणार होता.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. फराळाचे फोटो मात्र बिनधास्त पुढे पाठवा!